पिल्लं वाटता, मग खुराड्याचं काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात परसातल्या कोंबड्यांवर लेख आला होता, गावठी अंड्याला भाव कसा चांगला आहे, बायकांना घरबसल्या चार पैसे कसे मिळतात वगैरे. फोटोपण छान होता. लेख आवडला, आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला सुद्धा. पण त्यात एक वाक्य होतं की मोकळ्या कोंबड्यांना काही लागत नाही, सकाळी सोडायच्या, त्या आपलं आपण खातात आणि संध्याकाळी घरी येतात. ज्यांनी लिहिलंय त्यांनी कोंबड्या पाळलेल्या नसणार एवढं मी खात्रीने सांगते. संध्याकाळी घरी येतात खऱ्या, पण किती येतात ते रोज मोजून बघा म्हणावं.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. घराला परस, परसाला गडगा, गडग्यापलीकडे काजूची बाग आणि मग सरळ जंगलच. इथे कोंबडी सोडली की ती एकटी आपली नसते, तिच्यावर वरून घारीचा डोळा असतो, गडग्याच्या बिळातून मुंगसाचा असतो, रस्त्यावरून कुत्र्यांचा असतो, रात्री रानमांजर आणि उदमांजर असतंच, आणि गटारी जवळ आली की माणसांचाही असतो, हे हसण्यावारी नेऊ नका, आषाढात कोंबड्या चोरीला जातात ही आमच्याकडची जुनी रड आहे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. सरकारच्या स्कीम आहेत, एकात्मिक कुक्कुट विकास योजना आहे, त्यात कोणाला २५ तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या आणि ३ कोंबडे मिळतात, कोणाला एका दिवसाची १०० पिल्लं मिळतात, निम्मे पैसे सरकारचे निम्मे आपले. वाईट काही नाही. पण प्रत्यक्षात काय होतं, पिल्लांचा टेम्पो येतो, वाटपाचा फोटो निघतो, बाई बॉक्स घेऊन घरी जाते आणि रात्री ती शंभर पिल्लं ठेवायची कुठे हे तिला कोणीच विचारलेलं नसतं. ती पडवीत एक फळी आडवी लावते, वरून जुनी साडी टाकते. सकाळी निम्मी थंडीने कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेली. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्यायची, आणि हल्ली घरात सगळीकडे एलईडी बल्ब, त्याला ऊब कसली, जुना पिवळा बल्ब शोधत तालुक्याच्या बाजारात फिरावं लागतं, तो मिळाला तर लाइट नाही. पावसात आमच्याकडे लाइट किती असते हे महावितरणलाच विचारा. त्यातून कोणी पुठ्ठ्याचा गोल करून, म्हणजे कोपराच राहणार नाही असं करून, तुसावर कागद अंथरून ती पिल्लं जगवली तरी महिनाभरात ती बाहेर सोडायची घाई होते कारण खाद्य परवडत नाही. आणि बाहेर सोडली की संपलं.

वनराज ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढली, रंगीत पिसं आणि लांब पाय अशासाठी की पक्षी झाडोऱ्यात दडेल आणि पळू शकेल. पण तीच मंडळी सांगतात की पहिले सहा आठवडे पिल्लं नर्सरीत म्हणजे बंदिस्त सांभाळून मगच परसात सोडायची. आमच्या हातात पिल्लू पडतं एका दिवसाचं. गावठी कोंबडीची गोष्टच वेगळी, ती रवणीवर बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते, पंखाखाली घेते, आकाशात घार दिसली तर एक आवाज काढते आणि पिल्लं जिथल्या तिथे झुडपात गप्प, जमिनीवरून कुत्रं मांजर आलं तर आवाज वेगळा, कॉक कॉक करत सगळी वाडी जागी करते. आमच्या सासूबाई आत चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, घार आहे की मुंगूस. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आई नाही, त्याला हे शिकवणार कोण? वर्षाला गावठी साठ-सत्तर अंडी देते आणि वनराज शंभराच्या वर देते हे खरं, पण ती अंडी द्यायला आधी कोंबडी जिवंत राहायला पाहिजे ना.

आता कोण नेतं ते ओळखायला शिकलं पाहिजे, कारण बंदोबस्त त्याच्यावर आहे. वाडीत कोंबडी गेली की सगळे एकदम बिबट्याचं नाव घेतात. अहो बिबट्या कशाला येईल, तो आला तर आधी कुत्रा नेतो. पिल्लू दिवसाउजेडी गायब, पिसाचा मागमूस नाही, तर घार किंवा कावळा, कावळापण लहान पिल्लू उचलतो, त्याला कमी समजू नका. मानेला चावा आणि बाकी कोंबडी तशीच पडलेली, कधी एका वेळी दोन-तीन, तर बहुतेक मुंगूस. अंगणभर पिसं, कोंबड्या फाडलेल्या पण खाल्लेल्या नाहीत, तर शंभर टक्के कुत्री. रात्री एकच पक्षी, तो पण उचलून नेलेला, तर रानमांजर किंवा कोल्हा. अंडी जातात आणि आवाज नाही, तर घोरपड, साप किंवा घूस. सापाची तर गंमत अशी की बारीक असताना भोकातून आत येतो, अंडी गिळली की पोट फुगतं आणि त्याच भोकातून बाहेर पडता येत नाही, सकाळी खुराड्याचं दार उघडणाऱ्या बाईचं काय होत असेल विचार करा.

खुराड्याबद्दल बोलू. बाजारात जी षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी मिळते, जिला सगळे कोंबडीची जाळीच म्हणतात, ती कोंबडी आत ठेवायला बरी, पण बाहेरच्याला बाहेर ठेवायला काही कामाची नाही. कुत्रं ती दाताने फाडतं, घूस सरळ आरपार जाते. निदान खुराड्याला तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची जाड जाळी लावावी, महाग पडते पण खुराडं लहान असतं, लागते किती. रात्री बसायला एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट पुरे. जमिनीपासून दोन फूट उंच, चार खांबांवर, खाली हवा खेळती, आमच्याकडच्या पावसाला तर हे पाहिजेच, ओल धरली की खोकला लागलाच समजा. आत एक आडवी काठी, बांबूपेक्षा दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी बरी, पाय नीट टेकतो. तळाला भाताचा तूस तीन-चार इंच. आणि दाराला कडी-कोयंडा. सुतळी बांधून ठेवलेली दारं मी इतकी बघितलीत, आणि मग सकाळी म्हणायचं की दार बंद केलं होतं हो.

ज्यांचं खुराडं जमिनीवरच आहे त्यांनी जाळी फूटभर खोल पुरावी, आणि कातळ असेल तर पुरता येत नाही, आमच्या सड्यावर कुठे खणणार, तिथे जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड फूट आडवी पसरायची आणि वर चिरे ठेवायचे. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, दीड फूट मागे जाऊन उकरावं एवढी अक्कल त्याला नसते. हे मला एका पशुधन पर्यवेक्षकाने सांगितलं, असे लोक आहेत हो पशुसंवर्धन खात्यात, ते बिचारे चाळीस गावं फिरतात.

दिवसाच्या मोकळ्या जागेसाठी आमच्याकडे लोक बंदरावरून मासेमारीची जुनी जाळी आणून वरून ताणतात. घारीसाठी ती उत्तम, स्वस्त पण पडते. पण जमिनीपर्यंत लोंबत ठेवू नका, नायलॉनच्या जाळीत धामण अडकते, सुटायला धडपडते तशी अजून गुरफटते आणि तडफडून मरते, कोंबडीचा पाय पण अडकतो. खालचे दोन-तीन फूट चिव्याच्या म्हणजे बारीक बांबूच्या काठ्या जवळ जवळ ठोकून वई (कुंपण) करायची किंवा तारेची जाळी, आणि जाळं फक्त वर. जाळं परवडत नसेल तर परसात झुडपं राहू द्या. सगळं स्वच्छ झाडून लख्ख केलेलं अंगण दिसायला छान पण त्यात कोंबडीला लपायला जागा नाही, केळीचं बेट, करवंदीची जाळी, लिंबाचं झाड असं काही असलं की घार खाली यायला बिचकते.

आणि उडून जाणाऱ्या कोंबड्यांचं म्हणाल तर एका बाजूच्या पंखाची पुढची मोठी पिसं कापायची, एकाच बाजूची, दोन्ही नाही. तोल जातो आणि उंच उडता येत नाही, दुखत नाही, फक्त नवीन फुटणारं पीस कापू नये, त्याच्या देठात रक्त असतं. पिसं झडून नवी आली की परत कापायला लागतात. पण एक लक्षात ठेवा, पंख कापलेली कोंबडी कुंपणाबाहेर सापडली तर तिला उडून झाडावर जाता येत नाही, म्हणून कुंपण धड नसेल तर पंख कापण्याच्या भानगडीत पडूच नये.

खरी राखण मात्र दिवेलागणीला असते. कोंबडीला अंधारात दिसत नाही म्हटलं तरी चालेल, एकदा काठीवर बसली की शेजारची उचलून नेली तरी ती जागची हलत नाही. म्हणून अंधार पडायच्या आत दार लागलंच पाहिजे, सिरियल संपल्यावर नाही. रोज त्या टाइमला मूठभर तांदळाच्या कण्या टाकून हाक मारायची, चार दिवसात सवय लागते, हाक ऐकली की धावत येतात. नवीन आणलेल्या कोंबड्या आठवडाभर खुराड्यातच ठेवायच्या, मग त्यांना घर कळतं, आणल्या आणि सोडल्या तर त्या फणसावर जाऊन बसतात आणि तिथून उदमांजर त्यांना आरामात काढतं, त्याला झाड चढायला काय शिकवायला लागतं. राहिलेलं खाद्य रात्री उचलून ठेवायचं नाहीतर उंदीर येतो आणि उंदरामागे नाग येतो. आम्ही गावाच्या राखणदार देवाला दरवर्षी कोंबडा देतो, पण कोंबड्याची राखण ज्याची त्यालाच करायला लागते.

शेजाऱ्यांचा विषय लेखात आलाच नाही. भात कापणी झाली की आमच्याकडे त्याच ओलीवर कुळीथ, पावटा, वाल पेरतात. कोंब वर आले की कोंबड्यांना ती मेजवानी, अर्ध्या तासात वाफा उकरून साफ. यावरून वाडीत जी भांडणं होतात ती पोलीस पाटलापर्यंत जातात, सख्ख्या जावा वर्षभर बोलत नाहीत. कोंबडीला हद्द कळत नाही, ती तुमच्या सातबाऱ्यावर नाही चालत. आमच्या गटाने यावर एक मार्ग काढलाय आणि तो चांगला चाललाय, कोंबड्या सकाळी सोडायच्याच नाहीत, दुपारी तीननंतर सोडायच्या. बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी घालतात, त्यामुळे अंडी खुराड्यातच मिळतात, झुडपात शोधत फिरायला नको, आणि तीन-साडेतीन तासात त्या काही फार लांब जात नाहीत, अंधार पडायला लागला की परत. चारा-किडे जे काय खायचे ते तेवढ्यात खातात. पेरणीच्या महिन्यात तर पूर्ण कोंडूनच ठेवतो आणि आत हिरवा पाला, शेवग्याची पानं, किचनमधलं उरलंसुरलं टाकतो. एका काकींनी बांबूचं हलकं फिरतं खुराडं केलंय, तळ नसलेलं, दोघींनी उचललं की नारळाखाली रोज नवीन जागेवर, तण पण जातं आणि खत पण पडतं.

आता एक गोष्ट जी बोलायला लोक घाबरतात. कोंबडी गेली की राग येतो, मला पण येतो, लहानपणी मुंगूस दिसलं की "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" म्हणायचो आणि दिसलं की दिवस चांगला जाणार म्हणायचो, आता त्याच मुंगसासाठी मेलेल्या कोंबडीत थायमेट हे कीटकनाशक घालून ठेवतात. ज्या औषधावर २०२० अखेरपासून बंदी आहे ते लोकांच्या माळ्यावर अजून पडलेलं आहे. ते खाऊन मुंगूस मरतं की नाही माहीत नाही, वाडीतली कुत्री, मांजरं, घारी, कावळे मरतात, आणि लहान पोरं अंगणात खेळत असतात. कोणी फासकी म्हणजे तारेचा फास लावतं, आणि फासकीत मुंगसाच्या जागी बिबट्या अडकल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात दर काही महिन्यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येतात. कोणी कुंपणात घरातला करंट सोडतो, त्यात तर माणसं गेलीत. मुंगूस, घोरपड, रानमांजर, अजगर यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे झालंच, पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा, मुंगूस मारलं की उंदीर आणि साप वाढले, आणि त्या जागेवर दुसरं मुंगूस येतंच. अर्ध्या इंचाची जाळी एकदा लावली की सगळ्यांसाठी एकच उत्तर आहे.

कुत्र्यांचं उत्तर मात्र जाळीत नाही. चिकन सेंटरवाले पिसं आणि आतडी गोणीत भरून रात्री घाटाच्या वळणावर टाकतात, हे कोणत्या गावात होत नाही सांगा. त्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात, त्यांना कोंबडीची चटक लागते आणि मग ती वाडीत शिरतात, कुत्र्यांमागे बिबट्या. २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, त्यात ग्रामपंचायत आली, पण ग्रामपंचायतीला त्यासाठी ना पैसा ना माणूस, ग्रामसभेत विषय काढला की सगळे हसतात. निदान त्या गोण्या कुठे टाकायच्या एवढं तरी ठरवता येईल की नाही? खड्डा खणून चुना टाकून पुरायला काय फार खर्च आहे?

रोगाचंही थोडं सांगते कारण कोंबड्या कोंडायचा त्याच्याशी पण संबंध आहे. मुंगूस एक-दोन नेतं, मानमोडी म्हणजे राणीखेत आली तर खुराडंच रिकामं करते. लासोटा लस सातव्या दिवसाच्या आत आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी, हे दोन डोस दिले तर निम्मी काळजी मिटते. पण बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, एकदा पाण्यात मिसळली की दोन तासात संपवायला लागते, ज्या बाईकडे दहा कोंबड्या आहेत ती काय करणार. म्हणून आम्ही वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी कोंडून ठेवतो आणि पहाटे घरोघरी जाऊन देतो. ज्याला खुराडं नाही त्याची कोंबडी झाडावर, तिला लस देणार कशी? बर्ड फ्लूचंही तेच, भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबारमधल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंब्यात आला. अशा वेळी आदेश निघतो की पक्षी बाहेर सोडू नका, एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात. आदेश बरोबर आहे, पण कोंडायला जागाच नसेल तर पाळणार कसा. पाण्याचं भांडं उघड्यावर ठेवू नये, त्यात बगळे कावळे तोंड घालतात, छपराखाली ठेवावं, एवढं तरी कोणी सांगितलं पाहिजे की नाही.

म्हणून आपल्या पेपरातून खात्याला विनंती आहे. पिल्लांची संख्या अर्धी करा, शंभरच्या जागी पन्नास द्या चालेल, पण उरलेल्या पैशात वेल्डमेशचं एक पक्कं खुराडं द्या, नाहीतर जाळीचा रोल तरी द्या, बांधायचं आम्ही बघतो, चिवा आणि चिरा आमच्याकडे आहे. एका दिवसाचं पिल्लू देऊ नका, सहा आठवड्यांचं द्या, ती सहा आठवड्यांची नर्सरी चालवायला तालुक्यातला एखादा बचत गट तयार होईल, आम्ही तर नक्की होऊ. खुराडं तयार आहे का हे आधी येऊन बघा आणि मगच नाव यादीत घाला, फोटो काढायचाच असेल तर त्या खुराड्याचा काढा. आणि कृपा करून कोकणात वाटप जूनमध्ये करू नका, धो धो पावसात ओल्या पिल्लांचं काय होतं ते आम्ही बघितलंय, दसऱ्यानंतर करा, तोपर्यंत जमीन वाळलेली असते आणि खांब पुरायला माणूसपण मिळतो.

लेख लिहिणाऱ्यांना आमच्याकडे यायचं असेल तर जरूर यावं, संध्याकाळी सहाच्या आत या, नंतर आम्ही दारं लावायच्या गडबडीत असतो.

आपली,
बचत गटातील एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी